जरा दारात नेऊन बघा

आमच्या घरात कुठल्याही रंगाचा निकाल दारात लागायचा. सांगलीच्या गावभागातलं आमचं घर लांबोडकं. पुढे सोपा, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसू. माजघरात भर दुपारीही साठचा बल्ब लावावा लागे. त्यामुळे काही नवं घरात आलं आणि त्याच्या रंगावरून दोन मतं झाली, की आजी म्हणायची, "वाद कशाला? जरा दारात नेऊन बघा की."

आप्पा, म्हणजे आमचे आजोबा, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सांगली ही हळदीची पेठ. शेजारच्या हरिपुरात जमिनीच्या पोटात हळदीची पेवं होती. आप्पांच्या बंडीच्या खिशात एखादं हळकुंड असायचंच. ते मोडायचे आणि आतला रंग बघायला उंबऱ्यापाशी जायचे. "दिव्याखाली सगळीच हळद सोन्यासारखी दिसते," म्हणायचे. आई आणि काकू ब्लाउजपीस जुळवायला जायच्या तेव्हा साडीचा काठ हातात धरून दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहायच्या. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन मोरपंखी बाहेर आल्यावर एक हिरव्याकडे, एक निळ्याकडे निघून जायचे. आम्ही नऊ चुलत-आत्ये भावंडं त्यांच्या पदराला धरून हे बघतच मोठी झालो.

त्यामागचं कारण मला फार पुढे कळलं. सूर्याच्या प्रकाशात सगळे रंग असतात. ट्यूबलाइटमध्ये काही रंगांचे उंच सुळके असतात आणि मधे खड्डे. वेगवेगळ्या रंगद्रव्यांत रंगवलेली दोन कापडं एका दिव्याखाली सारखी दिसू शकतात, दुसऱ्याखाली फारकत घेतात. आमच्या बायकांना हे पायरीवर उभं राहून पाठ झालेलं होतं.

दुसरी गोष्ट निळीची. आप्पांची धोतरं धुऊन झाली की आजी बादलीभर स्वच्छ पाण्यात निळीची पुरचुंडी फिरवायची. मग ओंजळीत पाणी घेऊन उजेडात धरायची. पाण्याला आभाळाची नुसती झाक आली पाहिजे. जास्त झाली तर धोतर निळं पडे, कमी झाली तर पिवळटपणा जात नसे. पांढऱ्या कापडाला निळा रंग कशाला, असं आम्ही विचारायचो. आजी म्हणायची, "पिवळं मारायला निळंच लागतं."

डिजिटल कॅमेऱ्यातल्या व्हाइट बॅलन्सचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. बल्बच्या प्रकाशात निळा भाग फार थोडा असतो. कॅमेरा काय करतो, तर निळ्याचा आकडा गुणून वाढवतो, लाल बेताचा ठेवतो, आणि पांढरं पुन्हा पांढरं दिसू लागतं. आजीच्या ओंजळीतला अंदाज तिथे आकड्यांनी केलेला असतो.

आपल्या डोळ्याला अशी नीळ घालावी लागत नाही. तेच धोतर दारातल्या उन्हात आणि माजघरातल्या बल्बखाली आपल्याला पांढरंच दिसतं, कारण मेंदू दिव्याचा रंग बराचसा वजा करून टाकतो. फिल्मला आणि सेन्सरला ही समज नसते. त्यांच्यावर जसा प्रकाश पडला तसा ते नोंदवतात. प्रकाशाचा रंग मोजतात केल्विनमध्ये, आणि ते समजायला लोहाराच्या भात्यापाशी जावं. लोखंड आधी लाल होतं, तापत गेलं की पिवळं, आणखी तापलं की पांढरं. म्हणून कमी केल्विन म्हणजे तांबूस-पिवळा आणि जास्त केल्विन म्हणजे निळसर. समईची ज्योत सुमारे १,९०० केल्विन, घरातला पिवळा बल्ब २,७०० ते २,८००, दुपारचं ऊन आणि फ्लॅश ५,५००, ढगाळ आभाळ ६,५००, आणि निरभ्र दिवशी झाडाच्या सावलीत ७,००० च्या वर. बाजारात मिळणारी बहुतेक रंगीत फिल्म ५,५०० ला बेतलेली असे. ती माजघरात नेली की आमची माणसं केशरी व्हायची.

आमच्या लहानपणी घरात आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, कृष्णधवल. तिथे रंगाचा प्रश्नच नव्हता. पण आप्पा-आजीच्या लग्नानंतरचा स्टुडिओतला एक मोठा फोटो सोप्यावर टांगलेला होता, हाताने रंगवलेला. आजी त्याची हकीकत सांगायची. फोटोग्राफरने रंगवायला घेण्याआधी घरी निरोप पाठवला होता, लुगडं कुठल्या रंगाचं होतं ते कळवा. पणजीने लुगड्याच्या काठाची चिंधीच पाठवून दिली. म्हणून त्या फोटोतली अंजिरी छटा शेवटपर्यंत खरी राहिली. ज्याला रंग माहीत आहे त्याला विचारायचं, ही रीत त्या काळी रंगवणाऱ्यांकडे होती.

मग १९८४ साली धाकट्या आत्याचं लग्न झालं आणि घरात पहिल्यांदा रंगीत रोल आले. परसात मांडव. मांडवाचं कापड लाल, त्यातून गाळून येणारा प्रकाशही लाल. माजघरात बल्ब, सोप्यावर दोन ट्यूबा, दारातून येणारं ऊन. आज त्या फोटोंकडे बघताना कळतं की त्या बिचाऱ्या फिल्मपुढे एकाच घरात चार वेगळे सूर्य होते. ट्यूबच्या प्रकाशात पाऱ्याच्या वाफेचा हिरवा सुळका असतो. डोळ्याला तो जाणवत नाही, फिल्मला जाणवतो. म्हणून सोप्यावरची पंगत हिरवट आली, गौरीहराशी बसलेली आत्या केशरी, आणि मांडवातले वऱ्हाडी लालभडक.

सगळ्यांत वाईट वाटलं ते हळदीच्या फोटोंचं. आत्याच्या अंगावर पिवळी अष्टपुत्री, पाटावर पिवळे हात, तिच्या गालांना आमच्या घरची हळद. ऊन चांगलं होतं, फोटो चांगले यायला हवे होते. धुऊन आले तेव्हा हळद फिकट होती आणि चेहरा राखेसारखा निळसर. आत्या ते बघून माजघरात जाऊन बसली.

असं का झालं? लॅबमध्ये प्रती काढणाऱ्या यंत्रामागे एक जुनी समजूत असते. कोडॅकमधल्या राल्फ इव्हान्स यांनी ती १९४०च्या दशकात मांडली होती: कुठल्याही सर्वसाधारण दृश्यातले सगळे रंग एकत्र कालवले तर सरासरी राखाडी येते. मग एखाद्या फोटोची सरासरी पिवळी आली तर प्रकाशच पिवळा असणार असं यंत्र धरून चालतं, आणि निळं घालून ती राखाडीवर आणतं. बागेतल्या, रस्त्यावरच्या फोटोंना ही समजूत बरोबर लागू पडते. हळदीला पडत नाही. तिथे प्रकाश पिवळा नसतो, सोहळाच पिवळा असतो. आजच्या फोनमधली आपोआप चालणारी व्यवस्था कितीतरी हुशार आहे, तरी झेंडूच्या ढिगासमोर किंवा गुलालाच्या मिरवणुकीत ती अजून याच वळणावर घसरते. तिथे आपोआपवर न सोडता कॅमेऱ्याला 'ऊन' असं स्वतः सांगावं. मग हळद हळदच राहते.

आजीचंही त्या लग्नात एक नुकसान झालं. ते कळायला आम्हाला पस्तीस वर्षं लागली.

मधल्या काळात डिजिटल कॅमेरा आला. २००५ साली दादाने घेतला. श्रावणातल्या सोमवारी घरातली पूजा टिपताना त्याने बल्बचं चिन्ह निवडलं, फोटो सुरेख आले. तसेच आम्ही हरिपूरला गेलो, जिथे वारणा कृष्णेला मिळते. संगमेश्वराच्या देवळापाशी सगळ्यांचे फोटो काढले. चिन्ह बदलायचं राहून गेलं होतं. कॅमेऱ्याने बल्बसाठी ठरवलेली नीळ भर उजेडाला घातली. नदी निळी, देऊळ निळं, आईचे ओठ जांभळे. आई आमच्याबरोबर संगमावर त्यानंतर कधी आली नाही, म्हणून तो दिवस इतका लक्षात राहिला.

त्या फोटोंना हवं तितकं सावरता आलं नाही, कारण ते जेपेग होते. कॅमेऱ्याने आपला निर्णय घेऊन, शिजवून वाढलेलं पान म्हणजे जेपेग. मीठ जास्त पडलं की काढता येत नाही. रॉ म्हणजे शिधा. सेन्सरने टिपलेले आकडे जसेच्या तसे. नीळ किती घालायची ते घरी येऊन, शांतपणे ठरवता येतं. घरातल्या महत्त्वाच्या दिवशी आम्ही तेव्हापासून शिधाच ठेवतो.

दादा हट्टाने शिकत गेला. कॅमेऱ्याला एक पांढरी वस्तू दाखवून "हे पांढरं धर" असं सांगता येतं, हे त्याने वाचलं. घरात सगळ्यांत पांढरं काय, तर आप्पांचं निळीतलं धोतर. ते दाराशी ताणून धरलं, कॅमेऱ्याला दाखवलं. त्यानंतरचे सगळे फोटो पिवळट आले. आम्ही कोड्यात पडलो. उत्तर आजीच्याच बादलीत होतं. नीळ घातलेलं पांढरं मुळात किंचित निळं असतं. कॅमेऱ्याने ती झाक प्रकाशाची समजून काढून टाकली आणि त्याबरोबर सगळ्यांना पिवळं केलं. आताच्या साबणपावडरींत आणि लखलखीत कागदांतही अशी द्रव्यं असतात, जी अदृश्य किरणं पिऊन निळा उजेड बाहेर टाकतात. डोळ्याला ते अधिक पांढरं वाटतं. साक्षीला मात्र ते चालत नाही. म्हणून छायाचित्रकार राखाडी कार्ड वापरतात. ते दिसायला साधं, पण लाल, हिरवा, निळा तिन्ही सारखेच परतवतं. दादाने ते आणलं आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवलं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही माणसं आधीच बाहेर पडलो होतो. परत आलो तेव्हा माजघराच्या भिंतीवर छातीच्या वर चिखलाची रेघ होती, आणि खालच्या फडताळातले अल्बम फुगून एकमेकांना चिकटले होते. सोप्यावरच्या तसबिरी उंचावर होत्या, त्या वाचल्या.

फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की मऊ पडतो. चिकटलेल्या स्थितीत सुकला तर सुटत नाही. म्हणून ओले असतानाच पानं वेगळी करायची, स्वच्छ गार पाण्यात हलक्या हाताने विसळायची, चित्राच्या बाजूला बोट न लावता वाळत घालायची. नळाला पाणी आल्यावर आम्ही भावंडं तीन दिवस हेच करत होतो. परसात दोऱ्या बांधल्या आणि चिमट्यांनी घर टांगलं. बारसं, मुंज, पहिली शाळा, आप्पांची एकसष्टी. जाणारे-येणारे थांबून बघायचे आणि आपापल्या घराचं काय गेलं ते सांगायचे.

वाचलेले फोटो स्कॅन करायचे ठरलं आणि दिवाळीनंतर आम्ही सगळे जमलो. तिथे रंगावरून वाद सुरू झाले. स्वयंपाकघराची भिंत पोपटी होती की आकाशी? आत्याच्या शालूचा हिरवा कुठला? आणि आजी? आमच्यातली आक्का म्हणाली, आजी सावळी होती, तुकतुकीत, पायरीच्या दगडाला तेल लावल्यावर येतो तसा रंग. सगळ्यांत धाकटा भाऊ म्हणाला, "नाही गं, आजी गोरी होती. फोटोत आहे ना." तो जन्मला तेव्हा आजी जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याची आजी भिंतीवरची होती.

आत्याच्या लग्नातल्या आजीच्या फोटोच्या दोन प्रती होत्या. एक अल्बममध्ये, एक भिंतीवर. एकाच निगेटिव्हच्या दोन प्रतींत दोन वेगळ्या बायका दिसत होत्या. भिंतीवरची फिकट, निळसर, अल्बममधली लालसर. उजेडात टांगलेल्या रंगीत चित्रातला लाल-पिवळा आधी विटतो. केशकर्तनालयातली जुनी चित्रं निळी होतात ती यानेच. अंधारात ठेवलेल्या त्या काळच्या प्रतींत उलट होई. कागदावर निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन थर असतात. त्यातला निळसर थर अंधारातही हळूहळू विरत जातो, आणि मागे तांबूसपणा उरतो. त्यावर आणखी एक गोष्ट झाली होती. गावातल्या फोटोग्राफरने प्रत काढून घेताना आजीचा चेहरा उजळ करायला सांगितला होता. त्याने ते प्रेमाने केलं होतं. सगळ्यांसाठीच करत असे.

मोठ्या जगातही हे घडत होतं. रंगीत प्रती जुळवायला लॅबमध्ये एका स्त्रीच्या चित्राचं कार्ड वापरत, त्याला शर्ली कार्ड म्हणत. ती गोरी होती, आणि तिची कातडी बरोबर आली की सगळं बरोबर आलं असं धरलं जाई. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड कोडॅकने काढलं ते १९९०च्या दशकात. त्याच्या खूप आधी, १९७६ साली, चोवीस रंगचौकटींचा मॅकबेथचा तक्ता निघाला होता. त्याची पहिली चौकट सावळ्या त्वचेची, दुसरी गोऱ्या त्वचेची. मला त्या क्रमाचं फार बरं वाटतं. मराठीत तर गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा असे किती शब्द आहेत, आणि विठोबाला आपण सावळा म्हणतो ते केवढ्या मायेने. फोटोंनी मात्र आमच्या घरातले हे सगळे शब्द पुसून एकच ठेवला होता.

वाद मिटवायला आक्का माळ्यावर चढली. ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत, आजीचं इरकली लुगडं होतं. फोटोत नेसलेलं तेच. पाणी माळ्यापर्यंत पोचलं नव्हतं. काळं अंग, लाल पदर, पदरावर पांढरे टोप. ते उलगडलं आणि सगळी गप्प झालो.

मग दादाने अल्बममधली प्रत घेतली, कारण अंधारातलं विटणं सगळीकडे सारखं असतं, उजेडातलं तसं नसतं. पदरावरच्या टोपांवरून पांढरं ठरवलं. मंगळसूत्राच्या मण्यांवरून काळं ठरवलं. मधलं राखाडी कुठून आणायचं? फोटोत आजीच्या मागे जोत्याचा दगड दिसत होता, आणि जोतं जागेवर होतं. पुरानेही ते हललं नव्हतं. आक्काने राखाडी कार्ड नेऊन दगडाला टेकवून बघितलं. सुक्या दगडाची छटा जवळजवळ तीच.

लाल झालेल्या फोटोत लाल वाढलेला नसतो. लाल अडवणारा थर उडालेला असतो. म्हणून सरसकट लाल काढला तर उजळ भाग मेल्यासारखा दिसतो. गडद भागातून जास्त, उजळ भागातून जेमतेम, असा तो उतरवावा लागतो. दादा एकेक रेघ वाकवत होता आणि आक्का लुगडं खिडकीशी धरून पडद्याकडे बघत होती. "पदर अजून विटकरी आहे. थोडं अजून. हां, थांब."

पदर जुळला. आणि आजीचा चेहरा आला. चेहऱ्याला आम्ही हात लावला नव्हता. लुगडं खरं केलं, दगड खरा केला, त्यांच्यामागोमाग ती आपली आली. पूर्ण आली असं नाही. फोटोग्राफरने उजळून घालवलेलं तिथे नव्हतंच, ते परत कुठून येणार? पण ती सावळी होती. कपाळावरचं कुंकू त्या रंगावर जसं दिसायचं तसं दिसत होतं. धाकट्या भावाने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "माझा रंग हिच्यावर गेलाय का?" आक्का म्हणाली, "मग कुणावर?"

एका फोटोला मात्र आम्ही पूर्ण नीळ घातली नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटेचा. पाट, रांगोळी, पणत्या, वर साठचा बल्ब, आई काकांना तेल लावते आहे. दादाने पांढरं शुद्ध पांढरं केलं तेव्हा आत्या म्हणाली, "ही पहाट नाही रे, दुपार झाली." तिचं खरं होतं. डोळासुद्धा बल्बचा सगळा पिवळा वजा करत नाही, थोडी ऊब तो राहू देतो. आम्ही निम्मा पिवळा परत दिला आणि ती दिवाळी झाली. खरा रंग म्हणजे त्या माणसांना त्या वेळी जे दिसलं ते, असं मी आता समजते.

आता घरात सगळीकडे एलईडी आहेत, पांढरेशुभ्र. चांगल्या प्रतीचा दिवा सगळे रंग नीट दाखवतो. स्वस्तातल्या काहींत तांबड्याची उणीव असते आणि त्यांच्या उजेडात माणसं मलूल दिसतात. मुलं फोनवर दिवसाला शंभर फोटो काढतात. मी त्यांना एकच सांगते. महत्त्वाच्या दिवशी एक फोटो असा काढा, ज्यात एखादी ठेवणीतली वस्तू असेल. शालू, लुगडं, एखादं भांडं, घराचा दगड. आणि ती वस्तू जपून ठेवा. तुमच्या नातवंडांमध्ये वाद झाला तर तिला विचारता येईल.

आजीच्या फोटोची नवी प्रत छापून आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. आक्काने पाकीट उघडलं, माजघरात दिव्याखाली फोटो सगळ्यांना दाखवला. रंग बरा आहे की नाही, यावर लगेच दोन मतं झाली. कुणी काही सांगायच्या आत आम्ही आठही जण उठलो आणि तिच्या मागोमाग दाराकडे निघालो.